आवडता चित्रपट आणि आवडते माणूस

गेल्या वर्षी आमच्या वर्गात तास नसलेल्या एका दुपारी वाद रंगला. विषय साधाच होता. ज्याच्याशी जन्म काढायचा, त्याची आणि आपली चित्रपटांची आवड जुळली पाहिजे काय? एका मैत्रिणीचे म्हणणे असे, की जो ‘सैराट’ पाहून हसतो त्याच्याशी आपले जमणार नाही. त्यावर एक मित्र म्हणाला, “संसार काय तीन तासांचा असतो?” सगळे हसले आणि तास सुरू झाला. पण प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही. वरवर तो थट्टेचा वाटतो. वास्तविक पाहता रुची म्हणजे काय, प्रेम म्हणजे काय आणि आपल्या भागात या दोहोंना वाव किती, असे तीन मोठे प्रश्न त्यात दडलेले आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा यथाशक्ती विचार करावयाचा आहे.

रुची आणि सहृदयता

आपल्या साहित्यशास्त्राने आस्वादाचा जेवढा सूक्ष्म विचार केला आहे, तेवढा क्वचितच कोठे झाला असेल. भरताने नाट्याच्या संदर्भात रसाची मांडणी केली. पुढे भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना सांगितली. रंगमंचावरचे दुःख अमक्या एका माणसाचे राहत नाही, ते सर्वांचे होते, म्हणून प्रेक्षकाला त्याचा आस्वाद घेता येतो, असा तिचा आशय आहे. काश्मीरचा अभिनवगुप्त याने ‘सहृदय’ कोणाला म्हणावे हे सांगितले. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे आणि जो वर्ण्य विषयाशी तन्मय होऊ शकतो, तो सहृदय.

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही, की सहृदयता अभ्यासाने येते, ती कोणी जन्मतः घेऊन येत नाही. दुसरी ही, की सहृदयाची ओळख त्याच्या आवडीनिवडीच्या यादीवरून ठरत नाही. दुसऱ्याच्या अनुभवात प्रवेश करण्याची शक्ती त्याच्यापाशी आहे की नाही, यावरून ती ठरते.

मराठीत न. चिं. केळकर यांनी हाच विचार वेगळ्या वाटेने मांडला. त्यांचा ‘सविकल्प समाधी’चा सिद्धान्त आपण साहित्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात शिकतो. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची भूमिका सोडत नाही. आपण आपण राहूनच आपण दुसरेही होतो आणि या दुहेरी अवस्थेतून आनंद निर्माण होतो. केळकरांनी हे वाङ्मयाविषयी सांगितले. मला मात्र परीक्षेसाठी ते पाठ करताना वारंवार वाटले, की दोन माणसांच्या सहजीवनाचे वर्णनही याहून चांगले करता येणार नाही.

एका तंबूतील दोन प्रेक्षक

आता शास्त्राकडून आपल्या भागातील अनुभवाकडे येऊ. खेड्यापाड्यांत चित्रपट पोहोचला तो मुख्यतः जत्रेतल्या तंबूतून. मालमोटारीवर यंत्र आणि रिळांचे डबे यायचे, मोकळ्या रानात तंबू उभा राहायचा, दिवसभर कर्ण्यावरून पुकारा व्हायचा आणि अंधार पडला की खेळ सुरू व्हायचा. या फिरत्या चित्रपटगृहांच्या अखेरच्या काळावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. महाराष्ट्रातील जत्रांत चित्रित झालेला हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. रिळे जाऊन डिजिटल यंत्रे आली तेव्हा तंबूवाल्यांची काय दैना झाली, हे त्यात पाहावयास मिळते.

या तंबूंत पुष्कळ ठिकाणी पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला बसत. मध्ये दोरी किंवा कापड असे. म्हणजे नवरा-बायको एकाच घरातून निघत, एकच चित्रपट पाहत, पण पाहत ते वेगवेगळ्या जागी बसून. त्याच्या शेजारी त्याचे सोबती आणि तिच्या शेजारी जावा-नणंदा. तो शिट्ट्यांच्या गर्दीत पाही, ती मांडीवरचे मूल सांभाळीत पाही. अशा वेळी दोघांची आवड एक कशी व्हावी?

१९७५ हे वर्ष या दृष्टीने मोठे बोलके आहे. त्या एकाच वर्षी ‘दीवार’ आला, ‘शोले’ आला आणि ‘जय संतोषी माँ’ही आला. ‘शोले’ प्रचंड खर्चाचा आणि ‘जय संतोषी माँ’ बेताच्या खर्चाचा, पण लोकांनी दोन्ही डोक्यावर घेतले. ‘जय संतोषी माँ’ला बायकांची रीघ लागली. चपला दाराबाहेर काढून आत जाणारे आणि पडद्याला ओवाळणारे प्रेक्षक त्या चित्रपटाला लाभले. पुढे १९९१ साली अलका कुबल यांच्या ‘माहेरची साडी’ने असाच स्त्रीवर्ग चित्रपटगृहांकडे खेचला. उलट १९७१च्या ‘सोंगाड्या’पासून दादा कोंडके यांच्या चित्रपटांवर पुरुषमंडळी जीव टाकीत, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर मात्र त्यांचे नाव काढण्यास कचरत.

यावरून बायकांची आवड रडकी आणि पुरुषांची धांगडधिंग्याची, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो चुकीचा आहे. सासुरवाशिणीचे हाल पडद्यावर पाहून जिला रडू येते, तिला त्या अंधारात का होईना, रडण्याची मुभा मिळत असते. घरी तीही नसते. आवड ही माणसाच्या जागेतून आणि त्याच्या वाट्याला आलेल्या आयुष्यातून घडते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू यांनी १९७९ साली रुचीवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपण ज्याला स्वतःची खास आवड समजतो तिच्यामागे आपला वर्ग, आपले शिक्षण आणि आपले घर उभे असते, असे त्यांनी दाखवून दिले. रुची माणसांच्या जोड्याही जमविते, हेही त्यांचे निरीक्षण आहे. सारख्या घरातली माणसे सारख्या गोष्टींवर खूष होतात आणि मग त्यांना वाटते की आपले मन जुळले. आपल्याकडे तर या मन जुळण्यामागे जातही उभी असते. तेव्हा ‘आवड जुळली’ असे कोणी म्हणाले, की दोघांची घरे किती सारखी आहेत हेही पाहावे. पुष्कळदा तेथे घरेच जुळलेली असतात.

जुळण्याचा मोह

तरीही आवड जुळल्याचा आनंद खोटा म्हणता येणार नाही. के. बालचंदर यांचा ‘एक दूजे के लिए’ (१९८१) आठवावा. गोव्यात शेजारी राहणारी दोन कुटुंबे, मुलगा तमिळ आणि मुलगी हिंदी भाषक. एकमेकांची भाषा येत नाही. तेव्हा तो तरुण हिंदी चित्रपटांची नावे एकापुढे एक गुंफून गाणे म्हणतो आणि तिची समजूत काढतो. चित्रपट हीच येथे दोघांची सामाईक भाषा होते. पहिल्या ओळखीत चित्रपटाचा उपयोग हाच असतो. मनातले थेट बोलण्याचे धाडस नसते, मग माणूस पडद्यावरच्या माणसांविषयी बोलतो. “त्याने तिला सोडायला नको होते,” असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा ते बहुधा स्वतःविषयीच काही सांगत असते.

पण त्याच चित्रपटाचा शेवट काय होतो, हेही आपल्याला ठाऊक आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) आर्ची आणि परश्या यांचा घात आवडी न जुळल्यामुळे झालेला नाही. त्यांना मारणारी गोष्ट जात आहे. आवड दोन माणसांना जवळ आणू शकेल, त्यांचे रक्षण करण्याचे बळ तिच्यात नाही.

मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. अमेरिकेत डॉन बर्न यांनी १९६०च्या सुमारास प्रयोग करून दाखविले, की ज्याची मते आपल्याशी अधिक जुळतात तो अनोळखी माणूस आपल्याला अधिक आवडतो. यावर पुढे असंख्य प्रयोग झाले. २००८ साली माँटोया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३१३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात एक मौजेची गोष्ट आढळली. पहिल्या भेटीत प्रत्यक्ष साम्याचा परिणाम दिसतो. पण ज्यांचा सहवास जुना झाला आहे, त्यांच्यात प्रत्यक्ष साम्य किती याला फारसे महत्त्व उरत नाही. आपण सारखे आहोत असे त्यांना वाटते की नाही, हे तेथे महत्त्वाचे ठरते. म्हणजे आवडीच्या याद्या जुळविणे हा ओळखीच्या उंबरठ्यावरचा खेळ आहे. आतल्या घरात वेगळा न्याय चालतो.

रुची जुळलेले एक घर

दोघांची रुची पूर्णपणे जुळली तर संसार सुखाचा होतो काय? याचे मराठीतील ठळक उदाहरण पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचे. १९४६ साली त्यांचा विवाह झाला. १९४८च्या ‘वंदे मातरम्’ या चित्रपटात दोघांनी एकत्र भूमिका केल्या. नाटक, संगीत, कविता या सर्वांत दोघांना सारखीच गती. बोरकर आणि मर्ढेकर यांच्या कवितांचे जाहीर वाचन या दाम्पत्याने केले. रुचीची इतकी सुरेख जुळणी मराठी माणसाला क्वचितच पाहावयास मिळाली असेल.

आणि याच सुनीताबाईंनी १९९० साली ‘आहे मनोहर तरी’ लिहिले. त्यात त्यांनी आपल्या सहजीवनाची निर्भीड तपासणी केली, स्वतःलाही सोडले नाही. पुष्कळ वाचकांना धक्का बसला. मला त्या पुस्तकाचे महत्त्व असे वाटते, की कवितेवरचे समान प्रेम आणि घरातल्या ओझ्याची वाटणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून लख्ख कळते. एकाच ओळीला दोघांनी दाद दिली म्हणून दोघांचे श्रम सारखे वाटले जातात असे नाही. पुढे सुनीताबाईंनी जी. ए. कुलकर्णी यांना लिहिलेली पत्रेही पुस्तकरूपाने आली. धारवाडच्या त्या एकांतप्रिय कथाकाराशी साहित्याविषयी बोलण्याची त्यांची भूक त्या पत्रांत दिसते. ज्या घरात रुची एवढी जुळली होती, तेथेही एका माणसाची सगळी रुची दुसऱ्या एकाच माणसाने पुरवावी हे शक्य झाले नाही, आणि त्यात गैर काहीच नाही. आपण मात्र जोडीदाराकडून सर्वच अपेक्षा करतो. मित्रही त्यानेच व्हायचे आणि आपल्या आवडत्या दिग्दर्शकाचा चाहताही त्यानेच व्हायचे.

पाहणे आणि बोलणे

मग चित्रपटाचा सहजीवनाशी काहीच संबंध नाही काय? आहे, पण तो आवडीच्या वाटेने जात नाही. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाचे रोनाल्ड रोगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७४ नवविवाहित जोडप्यांचा तीन वर्षे मागोवा घेतला. काही जोडप्यांना तज्ज्ञांनी संवादाचे रीतसर शिक्षण दिले. काही जोडप्यांना एवढेच सांगितले, की पतिपत्नींच्या नात्यावरचे चित्रपट महिनाभर आठवड्याला एक याप्रमाणे एकत्र पाहा आणि त्यानंतर ठरावीक प्रश्नांच्या आधारे बोला. पडद्यावरची दोघे भांडली कशी, क्षमा कशी मागितली, आपल्यात तसे होते काय, असे ते प्रश्न. कोणतीही मदत न घेतलेल्या गटात तीन वर्षांत शेकडा २४ जोडपी विभक्त झाली. चित्रपट पाहून बोलणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा ११च्या आसपास होते, म्हणजे तज्ज्ञांकडून शिकलेल्यांइतकेच. एका अभ्यासावर इमारत उभी करू नये हे खरे. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. या जोडप्यांना “तुम्हाला चित्रपट आवडला काय?” एवढे विचारून कोणी सोडले नाही. चित्रपटाच्या निमित्ताने ती एकमेकांविषयी बोलली, हे त्यात मुख्य होते.

माझी आजी शाळेत गेलेली नाही. तिने लग्नानंतर पहिला चित्रपट जत्रेतल्या तंबूत पाहिला. ती बायकांच्या बाजूला, आजोबा पुरुषांच्या बाजूला. रात्री दोघे पायी घरी परतली. मी तिला चित्रपटाचे नाव विचारले तेव्हा ती म्हणाली, “सिनिमा कोनता व्हता ते ध्यानात न्हाई बाबा. पर वाटंनं यांनी इचारलं, तुला काय आवडलं म्हून. तवर मला कुनी आसं इचारलंच नव्हतं.” चित्रपट विसरला, प्रश्न पन्नास वर्षे लक्षात राहिला. केळकरांचा सिद्धान्त मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळला.

आपल्या जिल्ह्याचा प्रश्न

येथे आजीच्या वाक्याचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. तोवर तिला कोणी विचारलेच नव्हते. आवडी जुळाव्यात की न जुळाव्यात, ही चर्चा करताना आपण गृहीत धरतो की दोघांना स्वतःची आवड आहे. हे गृहीत आपल्या जिल्ह्यात खरे आहे काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी शेकडा चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झालेले आढळले. सहृदयता अभ्यासाने येते, असे अभिनवगुप्त सांगतो. ज्या मुलीची शाळाच दहावीत सुटते, तिला अभ्यासाला अवधी कधी मिळाला? तिची आवड घडण्यापूर्वीच तिला दुसऱ्या घरच्या आवडीत सामावून घेतले जाते. मग वर्षाभराने लोक कौतुकाने म्हणतात, “दोघांचे सगळे एकसारखे आहे हो!” अशा जुळण्याला जुळणे म्हणावे काय?

आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळी झाली की गावेच्या गावे रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कारखान्यांच्या वाटेला लागतात. तेथल्या हिशेबात नवरा आणि बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. दोन माणसे, चार हात, आणि नोंद एकाची. ऊस तोडायला दोघे, मोळ्या वाहायला दोघे, त्याशिवाय चूल, पाणी आणि लेकरे बहुतेक तिच्याकडे. पण उचल घेतो तो आणि हिशेबही करतो तोच. मुकादमाच्या वहीतला हा हिशेब आपण अन्यायाचा मानतो. मग प्रेमाच्या नावाखाली तोच हिशेब आपण शिकलेल्या माणसांनी का करावा? ‘आमची आवड एकच आहे,’ असे म्हणताना त्या एका आवडीची नोंद कोणाच्या नावे झाली आहे, हे विचारायला हवे.

आज तंबू गेले. चित्रपट फोनवर आला. कोपीत एकच फोन असेल तर तो संध्याकाळी कोणाच्या हातात असतो? घरातल्या दूरदर्शन संचावर काय लावायचे, हे कोण ठरविते? हे प्रश्न क्षुल्लक वाटतील. पण जो माणूस दोन तासांच्या चित्रपटाची निवड समोरच्यावर सोडू शकत नाही, तो नोकरीची, मुलांची, माहेरी जाण्याची निवड तिच्यावर सोडील, ही अपेक्षा कशी करावी?

व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ १९३७ साली आला. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. वृद्ध वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न पटवून घेण्यास नकार देते. दोघांच्या वयात अंतर होते, आवडीतही असणारच. पण नीरेचे खरे दुःख हे, की तिला कोणी विचारलेच नाही. त्या चित्रपटाला ऐंशीहून अधिक वर्षे होऊन गेली. ‘मुलगी पाहण्या’च्या कार्यक्रमात आजही तिला स्वयंपाक येतो काय, हे विचारतात. तुला काय आवडते, हे विचारले तरी तिचे उत्तर आई आधीच पढवून ठेवते.

समारोप

आता मूळ प्रश्नाकडे येतो. चित्रपटांची आवड जुळावी काय? जुळली तर आनंदच आहे, चार संध्याकाळी गोड जातील. न जुळली तरी बिघडत नाही. ‘शोले’ आवडणारा आणि ‘जय संतोषी माँ’ आवडणारी यांचे उत्तम जमू शकते. मात्र त्याने तिच्या डोळ्यांतल्या पाण्याला हसता कामा नये, आणि तिनेही त्याच्या गब्बरला कंटाळून तोंड फिरवू नये. दुसऱ्याची आवड आपली झाली नाही तरी ती त्याला का आवडते हे समजून घेता येते. त्यासाठी स्वतःची आवड सोडावी लागत नाही. समाधी हवी, पण ती सविकल्प.

माझ्या त्या मैत्रिणीलाही मला आता उत्तर देता येईल. ‘सैराट’ पाहून एखादा हसला, तर लगेच त्याला नापास करू नये. “तू का हसलास?” असे विचारावे. तो सांगू लागला आणि सांगून झाल्यावर “तू का रडलीस?” असे त्याने विचारले, तर त्याच्याबरोबर पुढचा चित्रपट पाहायला हरकत नाही. त्याने विचारलेच नाही, तर मग त्याची आणि तिची आवड शंभर टक्के जुळली तरी काय उपयोग?